नर्सबाईंचं बॅलेट

मनोरमाबाई भूमला चार वर्षं होत्या, आणि त्या चार वर्षांत त्यांनी कुणाबद्दल बरा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. सरकारी दवाखान्याच्या त्या नर्स. अडलेल्या बाईसाठी बैलगाडीत बसून पाच-पाच कोस जायच्या, रात्र की दिवस बघायच्या नाहीत, पण बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे सांगताना घरातल्या सगळ्यांची अक्कल काढून यायच्या. "पोरगं झालंय. बापावर गेलंय, त्याला इलाज न्हाय," असं एका पाटलाला तोंडावर म्हणाल्या होत्या. लोक त्यांना खण-नारळ द्यायचे आणि पाठ वळली की शिव्या द्यायचे. दोन्ही मनापासून.

आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी होतं. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. निजाम जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, पण कचेरीतले जुने लोक अजून अर्जाला दरखास्तच म्हणायचे. मी एकोणीस वर्षांची, नवी नवरी, उमरग्याहून आलेली. कचेरीमागं सरकारी खोल्यांची एक रांग होती. शेवटची खोली नर्सबाईंची आणि तिच्या अलीकडची आमची.

पहिल्याच आठवड्यात मी आडावरून दोन घागरी घेऊन येत होते. बाई दारात उभ्या होत्या. चाळिशीला आलेल्या, ठेंगण्या, कंबरेत रुंद, पांढरं पातळ इस्त्री केल्यासारखं कडक.

"ए नवी," त्या म्हणाल्या, "घागर कंबरंवर घेतीस का कंबर घागरीवर ठेवतीस? अशी चाल. पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडंच यायचंय तुला. तवा रडत येऊ नको."

मला रडू तेव्हाच आलं. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांच्या नादी लागू नकोस. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली बाई ती. देवीचं सोडून हैदराबादला जाऊन नर्स झाली. घरच्यांनी नाव टाकलंय." हे बोलताना यांचा आवाज असा होता, की टाकलं ते बरंच केलं.

दुपारी दवाखाना बंद झाला की दोन ते चार शेजारून आवाज यायचा. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प. मध्येच लोखंडी खाट करकरायची. आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला वर एक झरोका होता. महिनाभर मी दम धरला, मग एक दिवस धान्याच्या कोठीवर चढले आणि डोकावले.

बाईंनी जाड मांजरपाटाची तुमान घातली होती. वर घट्ट बनियनसारखं काहीतरी. एका हातानं खाटेचा गज धरून त्या उभ्या होत्या, टाचेला टाच लावून, पावलं दोन्हीकडं उघडून. तशाच गुडघ्यात वाकत होत्या आणि उठत होत्या. समोर पाटावर एक भलंमोठं पुस्तक उघडं पडलेलं. मला वाटलं, बाईला वेड लागलं.

"चोरून काय बघतीस?" मान न वळवता त्या म्हणाल्या. "दारातनं ये. निदान उपयोगाला तरी येशील."

मी गेले. का गेले ते आजही सांगता येत नाही. एकोणीस वर्षांच्या बाईला भूममध्ये दुपारी दुसरं काय होतं?

पुस्तक त्यांना हैदराबादला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालं होतं. नर्सिंग शिकत असताना हाडांचं पुस्तक घ्यायला गेल्या, ते मिळालं, आणि त्याच्याखाली हे होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं फाटलेली, आत गोऱ्या बायकांचे फोटो आणि रेघांनी काढलेले पाय, पायांवर बाण, बाणांवर आकडे. मजकूर इंग्रजी. बाईंचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरतं. जमेल तसं त्या वाचायच्या. या नाचाला त्या बॅलेट म्हणायच्या, आणि आतल्या प्रकारांना प्लाय, टेंडू, बॅटमेंट. खरा उच्चार वेगळाच आहे, हे मला फार पुढं, माझी मुलगी कॉलेजात गेल्यावर कळलं. पण तेव्हा भूममध्ये चुकलं म्हणून सांगणार कोण होतं?

माझं काम एवढंच, की पुस्तक हातात धरून उभं राहायचं. बाईंकडं आरसा होता तो कुंकवाच्या डबीतला. त्यात एका वेळी एक तर पाऊल दिसायचं किंवा एक कान. म्हणून आरसा मी.

"पुस्तकात बघ. मग माझ्याकडं बघ. फरक सांग."

"बाई, ती गोरी हाय."

"तुला डोळे हायत का बटणं? पायात फरक सांग."

सुरुवातीला मला काही दिसायचं नाही. खरं सांगायचं तर सगळाच फरक दिसायचा. पुस्तकातली बाई पाय मागं उचलून उभी असायची, आणि पाय उचललाय हे तिच्या तोंडाला ठाऊकच नसायचं. आमच्या बाईंनी पाय उचलला की तोंड लालभडक, शिरा टरारलेल्या, खाट ओरडतेय. मला हसू फुटायचं. एकदा फुटलंच. त्यांनी पाय तसाच वर ठेवून विचारलं, "हसायला झालं का? मग सांग, गुडघा सरळ हाय का?" गुडघा सरळ नव्हता. मी सांगितलं. त्या दिवसापासून मला थोडं थोडं दिसायला लागलं.

पण शिकवायला माणूस नसेल तर पुस्तक फसवतं. चित्रात पावलं दोन्ही बाजूला एका रेषेत आहेत, म्हणून बाईंनी वर्षभर आपली पावलं तशीच ओढून ओढून लावली. गुडघे सुजले. दवाखान्यात त्या लंगडत जायच्या, आणि कुणी विचारलं तर "तुझं काय दुखतंय ते सांग" म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी ते दुसरं, हाडांचं पुस्तक काढलं, दोन्ही पुस्तकं शेजारी मांडली आणि चित्रातला पाय आणि हाडं ताडून बघत बसल्या.

"मी बेअक्कल," शेवटी म्हणाल्या. स्वतःला दिलेली शिवीही त्यांनी दुसऱ्याला द्यावी तशीच दिली. "नर्स म्हणवून घेती आणि एवढं कळंना. गुडघा ही बिजागरीय. ती एकाच बाजूला उघडती. मांडीचं हाड वर खुब्यात बसतं, ते उखळात मुसळ फिरावं तसं फिरतं. पाय वळवायचा तो तिथनं. पाऊल आपोआप मागनं येतं. ते चित्रात दिसत न्हाय, कारण बाईनं कपडे घातलेत."

सगळं पहिल्यापासून सुरू केलं. वर्ष वाया गेलं म्हणून हळहळ नाही, काही नाही. पावलं आता अर्धीच उघडायची, पण गुडघ्यांची सूज उतरली.

दुसरी अडचण मधल्याची. "ह्या पुस्तकात सुरुवात हाय आणि शेवट हाय," त्या म्हणायच्या. "मधलं न्हाय. पाय खाली हाय, पाय वर हाय. गेला कसा, ते कुणी सांगायचं?" बाणांनी काही कळेना. मग त्यांनी युक्ती काढली. खाटेला धरून कसंबसं शेवटच्या चित्रात जायचं आणि तिथून अगदी सावकाश खाली यायचं. पाय ज्या वाटेनं पडू न देता खाली आणता येतो, तीच वाट वर जायची. मी पुस्तक धरून हे बघायची. एक पाय खाली यायला इतका वेळ लागायचा, की माझा हात भरून यायचा.

मी एकदा विचारलं, "बाई, हे कशासाठी?"

"तू दारात रांगोळी कशासाठी काढतीस?"

"दाराला शोभा येती."

"मग तू दारात काढ. मी दार लावून काढती."

पुस्तकाचा शेवटचा तिसरा हिस्सा त्यांनी दोऱ्यानं बांधून ठेवला होता. त्यात अंगठ्याच्या टोकावर उभ्या राहिलेल्या बायका होत्या. पायात वेगळेच बूट. मी एकदा दोरा सरकवून बघितलं, तर हातावर फटका बसला. "ते लहानपणापास्नं तालीम केलेल्यांसाठी हाय. मी त्यातली न्हाय. आपलं न्हाय ते बघून डोकं फिरतं."

दीड-दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी त्यांनी गज सोडला. एक पाय जमिनीवर, दुसरा मागं वर, एक हात पुढं. मी पुस्तकात बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. कंबर तशीच रुंद होती, पाय पुस्तकाच्या निम्म्यानंही वर नव्हता. पण त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. ना लाली, ना धाप. जणू त्या दाराबाहेरचा रस्ता बघत उभ्या होत्या.

"फरक?" त्या म्हणाल्या.

"काही न्हाय बाई."

"खोटं बोलतीस. डावा खांदा वर हाय." त्यांनी पाय खाली आणला, सावकाश. मग फळीवरचा डबा काढून मला मूठभर शेंगा आणि गूळ दिला. दोन वर्षांत एवढंच. पण दिला.

आणि मी काय केलं? आठ दिवसांत ही गोष्ट बाहेर फोडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका कुणाच्या साड्या, कुणाच्या सासवा बोलत होत्या. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि एकीकडं सांगण्यासारखं फार होतं. मी तुमान सांगितली, खाट सांगितली, दोऱ्यानं बांधलेली चित्रंही सांगितली. खूप हशा पिकला. मला इतकं महत्त्व भूममध्ये आधी कधी मिळालं नव्हतं. ऐकणाऱ्यांत शाळेच्या हेडमास्तरांची बायको होती.

हेडमास्तर दुसऱ्याच दिवशी बाईंकडं आले. अंगात खादी, आणि तोंडात कायम कुठल्यातरी मोठ्या माणसाचं नाव. शाळेच्या समारंभाला मंत्री येणार होते. मी तेव्हा पुस्तक धरूनच उभी होते, ते घेऊन आत सरकले.

"आपल्याकडं पाश्चात्य नृत्याचं पुस्तक आहे म्हणे," हेडमास्तर म्हणाले. "आमच्या सात-आठ मुलींना अंगठ्यावर उभं राहायला शिकवा. जिल्ह्यात कुठल्याच शाळेनं असं केलेलं नाही. पंधरा दिवस आहेत अजून."

"तुमची पोरगी कितवीत हाय?"

"सहावीत. का?"

"तिला घिऊन या. पहिली तिची बोटं मोडू. जमलं तर मग दुसऱ्यांच्या पोरी."

"थट्टा नको, नर्सबाई."

"थट्टा कोण करतंय? त्या वयात हाडं कच्ची असतात. मी दोन वर्षं टाच उचलायला शिकतीय, अजून धड उचलंना. तुम्ही पंधरा दिवसांत पोरी अंगठ्यावर उभ्या करायला निघालात. कोण येणार म्हणालात?"

"मंत्रिमहोदय."

"त्यांना खुर्ची द्या. त्यांना तेवढंच लागतं."

हेडमास्तर गेले. समारंभात पोरींनी लेझीम केलं, मंत्री आलेच नाहीत, आणि महिन्याभरात बाईंविरुद्ध अर्ज गेला. सदर नर्स भरदुपारी दार लावून तंग कपड्यांत बॅलेट करतात, आणि शेजारच्या कुलीन स्त्रियांनाही त्या नादी लावतात. कुलीन स्त्रिया म्हणजे मी. खाली वीस सह्या. त्यातल्या निम्म्या माणसांची पोरं बाईंच्या हातांनी जगात आली होती.

चौकशीला उस्मानाबादहून जीपमधून एक साहेब आले. दवाखान्याच्या ओसरीत टेबल मांडलं. गाव जमलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि गोंधळले.

"बॅलट? निवडणुकीची पेटी? घरात ठेवली होती?"

"न्हाय. नाच," बाई म्हणाल्या. "हे बघा." आणि पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं.

साहेबांनी पुस्तक चाळलं. फार बारकाईनं चाळलं. दोराही तोडला. चौकशी तासभर चालली, त्यातला अर्धा तास त्या पानांचा. दवाखान्याचे डॉक्टर शेजारी बसून होते. त्यांना पेन्शनीला सात महिने उरले होते, त्यामुळं ते छताकडं बघत होते.

"असे कपडे घालून तुम्ही..."

"न्हाय. तुमानीत. मांजरपाटाच्या."

"यात गैर काही नव्हतं, असं सांगणारं कुणी आहे?"

"हाय की. शेजारीण. दोन वर्षं रोज समोर उभी होती." बाईंनी माझ्याकडं बोट केलं. अगदी सहज, पाण्याचा तांब्या कुठं आहे ते दाखवावं तसं.

आदल्या दिवशी हे मला म्हणाले होते, "तुझं नाव अर्जात आलंय. तहसीलदारांनी मला बोलावून विचारलं. तू काही पाहिलं नाहीस, समजलं? माझी नोकरी अजून कच्ची आहे." हे ओसरीच्या कडेला फाइल पोटाशी धरून उभे होते.

"तुम्ही पाहिलंत का हे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

"कधीच नाही?"

"मला काही माहीत न्हाय. मी काही बघितलं न्हाय."

मागं कुणीतरी खाकरलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं वळल्या.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "शेजारणीला दिसत न्हाय. डोळे तपासायला पाहिजेत."

बाईंची नळदुर्गला बदली झाली. पुस्तक पुरावा म्हणून कागदांना जोडलं, आणि साहेब ते जीपमधून घेऊन गेले. फाइलीत ते बसत नव्हतं म्हणून मांडीवर ठेवलं होतं, हे बघणारे सांगत होते.

निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. त्या वळकटी बांधत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"बाई, यांची नोकरी..."

"ते कळतंय मला. नोकरी सगळ्यांनाच हाय." दोरी त्यांनी गुडघा दाबून आवळली. "तू म्हणायचं होतंस, वाईट करती. म्हणायचं होतंस, म्हशीवाणी उडती. पाय वाकडा, खांदा वर, काय वाटंल ते. मला राग आला नसता. दोन वर्षं तुला तेवढंच शिकवलं, बघायचं आणि दिसलं ते सांगायचं. आणि तू म्हणालीस, बघितलंच न्हाय. मग त्या खोलीत दोन वर्षं काय झालं? काहीच न्हाय झालं?"



"जा," त्या म्हणाल्या. "दूध ठिवलं असशील चुलीवर."

दूध ठेवलं नव्हतं. तरी मी गेले.

त्यांच्या जागी आलेली नर्स फार गोड बोलायची. हेडमास्तरांना ती आवडली, सगळ्या गावाला आवडली. बैलगाडीत बसून ती कुठं जात नसे. तुम्हीच घेऊन या म्हणायची, आणि हसायची. माझं पहिलं बाळंतपण तिच्या हाताखाली झालं आणि मूल राहिलं नाही. यात तिची चूक होती असं मी म्हणत नाही. गावही म्हणालं नाही. गाव म्हणालं, किती गोड बाई आहे, शेवटपर्यंत धीर देत होती.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी दोन मुलं घेऊन सोलापूरहून माहेरी चालले होते. हेही बरोबर होते. एसटी नळदुर्गला चहासाठी थांबली. रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर. आणि पलीकडं एका बैलगाडीपाशी पांढऱ्या पातळातली, केस पिकलेली एक ठेंगणी बाई शेतकऱ्याला झापत होती. मी पोराला यांच्या मांडीवर टाकलं आणि उतरले.

"बाई, ओळखलं का?"

"न्हाय."

"मी भूमची. शेजारची. कारकुनाची..."

शेतकरी मध्येच म्हणाला, "बाई, चला की. लई येळ झालाय, घरी कुणी न्हाय तिच्यापाशी."

"चलती. आठ दिवस आधी सांगायला काय झालं हुतं?" त्याला म्हणून त्या पुन्हा माझ्याकडं वळल्या. "बोल लवकर."

इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. की मी साहेबांपुढं खोटं बोलले. की मी बघितलं होतं, रोज बघितलं होतं. की चौकशीत माझं चुकलं.

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. राग नव्हता तो. त्या खरंच आठवत होत्या.

"माझ्या तीन चौकशा झाल्या," त्या म्हणाल्या. "तू कुठल्या चौकशीतली?"

"बॅलेटच्या," मी म्हणाले.

"तिन्ही त्याच्याच."

शेतकऱ्यानं हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि गाडीत चढून बसल्या. "कडबा तरी नीट आथरायचा," एवढं त्याला बोलल्या. गाडी डांबरी रस्ता सोडून मातीच्या वाटेला लागली. माझ्यामागं कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, आणि हे खिडकीतून हाका मारत होते.